झोळीवालीचं पान

३ मार्च

ताई,

मायना काय घालावा यात तीन कागद वाया गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, आणि ‘तीर्थरूप’ लिहावं इतकी तू म्हातारी नाहीस. तेव्हा सरळ कामाचं लिहितो.

तुझ्या कादंबरीच्या तिन्ही भागांवरून पत्त्यांचा खेळ करायचे हक्क तुझ्या प्रकाशकाने एका खेळांच्या कारखान्याला दिले. त्या कारखान्यात मी नियम लिहितो. यात माझी काही खटपट नाही. मालकीणबाईंनी पुस्तकावरचं आडनाव पाहिलं, मला विचारलं, “तुमच्या कोण?” मी “सख्खी बहीण” म्हणालो आणि काम माझ्या गळ्यात पडलं. आपण चार वर्षं बोललेलो नाही हे त्यांना सांगितलं नाही. विचारलंही नव्हतं त्यांनी.

आपण लहानपणी खेळायचो तशातला हा खेळ नाही. इथे शेजारच्याला हरवायचं नसतं. चार माणसं एकाच बाजूला बसतात, समोर धुक्याचा कॅट. तुझ्या पुस्तकात धुकं जसं एकेक गाव गिळत येतं, तसं दर फेरीला त्यातलं एक पान उलटतं आणि कुणाला ना कुणाला जखम होते. प्रत्येकाने तुझं एकेक पात्र घ्यायचं आणि मिळून धुकं थोपवायचं. जिंकले तर सगळे, बुडाले तर सगळे.

एकूण बारा पात्रं. प्रत्येकाचं एक पान, त्यावर चित्र, एक शक्ती आणि एक उणीव. करार असा आहे की बाराही पानांवर लेखिकेची सही हवी, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत. एक जरी सही राहिली तरी छपाई होणार नाही. सोबत पहिली पाच पाठवतोय. आंधळा नकाशेवाला, पाखरांची वैद्य, मिठाचा राजा, तराफेवाला आणि झोळीवाली. तराफेवाल्याची शक्ती मला फार जमली आहे असं वाटतं. “कोणत्याही गावातून, कोणत्याही क्षणी, जखम न होता निसटू शकतो.” कारखान्यात सगळ्यांना तोच हवा असतो.

झोळीवालीचं असं लिहिलंय. “कुणाचीही जखम आपल्या झोळीत घेते. सात जखमा मावतात. आठवीला मरते.”

बाबा बरे आहेत. घरचा विषय या पत्रात आणणार नाही असं ठरवून बसलो होतो, म्हणून एवढंच.

तुझा भाऊ


१९ मार्च

ताई,

पानं मिळाली. चारांवर सही आहे. झोळीवालीवर नुसतं पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. माझ्यासाठी एक ओळही नाही, पाकिटावर पत्तासुद्धा कारखान्याचा. ठीक आहे. तुझं अक्षर होतं तसंच आहे.

प्रश्नचिन्हाचा अर्थ मला लागला नाही. चित्रात झोळी लहान वाटते का? चित्रकाराला मोठी करायला सांगतो.

आता दुसरं. मागच्या वेळी बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते खोटं होतं. परवा कामावरून आलो तर आपल्या घराचं दार भिंतीला टेकवलेलं आणि बाबा जिन्यात बसलेले. कडी, बिजागऱ्या, कुलूप, सगळं खोललेलं. तीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले, हात काही विसरलेले नाहीत. स्क्रू आकाराप्रमाणे रांगेत लावून ठेवले होते. फक्त परत बसवायचं कसं ते आठवत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “दुपारपासून ठोकाठोकी चालली होती, आम्हाला वाटलं सुतार आलाय.” त्याआधी मिक्सर झाला, त्याआधी गॅसची शेगडी. शेगडीच्या वेळी मी घरात होतो म्हणून वाचलो.

मला ते तूच समजतात. “अगं, आलीस का?” म्हणतात. आधी मी दुरुस्त करायचो, आता “हो” म्हणतो.

त्यांना एकटं ठेवता येत नाही आणि माझ्या रजा संपल्या आहेत. घरात आम्ही दोघंच. म्हणून विचारतो, सहा महिने तू त्यांना घेऊन जा. सहाच. तुझं काम घरात बसून असतं, आणि त्यांचं खाणं, झोपणं, औषधं, सगळं तुला तोंडपाठ आहे. मी नव्याने शिकतोय आणि चुकतोय.

आई गेल्यावर तू घराच्या चाव्या माझ्या हातात देऊन गेलीस तेव्हा मी काकांच्या घरी चारचौघांत “पळून गेली” म्हणालो होतो. ते तुझ्या कानावर गेलं हे मला माहीत आहे. रागात माणूस काहीही बोलतो. ते तू आता मनात धरू नयेस असं वाटतं.

मोठ्या झोळीचं चित्र सोबत आहे.

तुझा भाऊ


११ एप्रिल

ताई,

उरलेल्या सात पानांवर सह्या आल्या. झोळीवालीवर पुन्हा प्रश्नचिन्ह. बाबांबद्दल एक अक्षर नाही. तीन आठवडे मी रोज टपालाची वाट पाहिली आणि रोज तुझ्यावर चिडलो. हे लपवण्यात अर्थ नाही.

दरम्यान खेळाचं काही खरं नाही. दर शनिवारी दुपारी आम्ही बाहेरची माणसं बोलावून खेळून बघतो. आतापर्यंत चाळीस डाव झाले, त्यात नऊ जिंकले. एकत्र खेळायच्या खेळात एवढं हरणं म्हणजे लोक दुसऱ्यांदा डबा उघडणार नाहीत. मालकीणबाईंनी मला खोलीत बोलावून विचारलं, “गडबड धुक्यात आहे की माणसांत?” मी म्हणालो, बघतो.

चाळीसही डावांच्या नोंदी घेऊन बसलो. झोळीवालीला प्रत्येक डावात कुणी ना कुणी घेतंच. एकतीस हरलेल्या डावांपैकी एकोणतीस डावांत झोळीवाली सगळ्यात आधी मेलेली. ती गेली की पुढच्या दोन फेऱ्यांत सगळं राज्य बुडतं. खेळणारे तिला वाचवायचा प्रयत्नच करत नाहीत. कुणालाही जखम झाली, अगदी बोट कापलं तरी, पान उचलायचं आणि तिच्या झोळीत टाकायचं. मिठाच्या राजाला स्वतःची पाच जखमांची जागा आहे, ती मी एकदाही वापरलेली पाहिली नाही.

मागच्या शनिवारी झोळीवाली एका बसड्रायव्हरच्या वाट्याला आली होती. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. सलग तीन डाव तोच झोळीवाली. तिसरा हरल्यावर बाकीचे चहाला उठले आणि हा जागेवरच बसून राहिला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. मी आज काही खेळलोच नाही.”

“तीन डाव खेळलात की.”

“ते खेळले. माझ्यावर टाकत गेले. मी आपला मोजत होतो, किती झाल्या, किती राहिल्या.” मग त्याने पान उलटंसुलटं करून पाहिलं. “साहेब, तिला विचारायचं नसतं का?”

“कुणाला?”

“हिला. घेतेस का म्हणून.”

मी नियमांचा कागद काढला. त्यात मी लिहिलं होतं, “इतर खेळाडू आपली जखम कधीही झोळीवालीकडे देऊ शकतात.” बारा पात्रांपैकी बाकी अकरा जणांकडून काही घ्यायचं तर त्यांची परवानगी लागते. नकाशा हवा तर नकाशेवाल्याला विचारावं लागतं, तराफा हवा तर तराफेवाला नाही म्हणू शकतो. ते सगळं मीच लिहिलंय. फक्त तिला विचारायचं राहिलं. विसरलो असं म्हणणार होतो, पण विसरलो नव्हतो. विचारावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अठरा वर्षं मी नियम लिहितोय. नवख्यालाही हे दिसलं असतं.

प्रश्नचिन्हाचा अर्थ आता मला कळला असावा. नियम बदलून पाठवतोय. “झोळीवालीला विचारावं. ती हो म्हणेल किंवा नाही. कारण देण्याची गरज नाही.”

भाऊ


२६ एप्रिल

ताई,

पान परत आलं. “किंवा नाही” हे दोन शब्द तू खोडलेस आणि बाजूला लिहिलंस, “ती नाही म्हणत नाही. तिसरा भाग वाच.”

कबूल करतो. मी तिसरा भाग वाचला नव्हता. पहिले दोन वाचले, दुसराही अर्धा चाळला. बाकी सगळं प्रकाशकाने दिलेल्या सात पानी सारांशावरून. बहिणीच्या पुस्तकाचे पत्ते करायचे आणि पुस्तकच वाचायचं नाही, असा शहाणा शोधून सापडणार नाही. तुझ्या पात्रांवर मी शक्ती आणि उणिवा लिहिल्या त्या उंटावरून शेळ्या हाकत.

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गच्चीवर बसून वाचला. बाबाही शेजारी होते. हल्ली त्यांना बरोबर आणतो, दुसरा इलाज नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पत्त्यांचे कोपरे गोल करायचं यंत्र खोललं. मालकीणबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण हाकलूनही दिलं नाही.

दोनशे बारावं पान आलं आणि मी पुस्तक मिटलं. बाबा म्हणाले, “काय गं, संपलं?”

तराफेवाला म्हाताऱ्या राजाचा ताप घेऊन झोळीवालीकडे येतो. तिची झोळी भरलेली आहे. तिला त्याच दिवशी डोंगरापलीकडच्या पाठशाळेतून बोलावणं आलेलं आहे. तो ताप तिच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, “घे ना. तुला सवय आहे.” मग तराफा सोडतो. नदीच्या मध्यावर गेल्यावर तो शीळ घालू लागतो असं तू लिहिलंयस.

हॉस्पिटलचा जिना, दुसरा मजला, खिडकीजवळ. माझ्या हातात आईच्या गोळ्यांचा डबा होता. मला दुसऱ्या शहरात जागा मिळाली होती आणि मी तुला डबा देताना शब्दनशब्द हेच म्हणालो होतो. “घे ना ताई, तुला सवय आहे.” तू घेतलास. त्यानंतर आई सात वर्षं होती. मी शीळ घातली की नाही ते मला आठवत नाही. घातली असेल.

आता जे सांगायचं आहे ते तुला ठाऊक नाही. त्या आठवड्यात तुला एक पत्र आलं होतं, एका संस्थेत वर्षभर राहून कादंबरी लिहायला बोलावणारं. तू ते फ्रिजवर डब्याखाली ठेवलं होतंस, कुणाला न सांगता. मी ते वाचलं होतं. गोळ्यांचा डबा तुझ्या हातात दिला तेव्हा मला ते माहीत होतं. आणि माहीत नसल्यासारखं दाखवलं. तू बोलली असतीस तर मला थांबावं लागलं असतं, म्हणून तू बोलायच्या आत मी जिना उतरलो.

याची मला लाज वाटते. अकरा वर्षं वाटतेय. चारचौघांत “पळून गेली” म्हणालो ते त्या लाजेपोटीच. पळालं कोण होतं हे मला तिथे बसलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

तराफेवाला मला फार आवडला होता, हे पहिल्या पत्रात लिहून बसलोय. ते आता मागे घेता येत नाही.

बाबांना न्यायचं जे लिहिलं होतं, त्याला तू उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस.

भाऊ


८ मे, सोमवार

ताई,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. “रविवारी दुपारी गाडी घेऊन येते. बाबांचे कपडे भरून ठेव.”

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. एवढा झाला की मी लगेच स्टुलावर चढून बॅग काढली. चार शर्ट, दोन स्वेटर, चष्म्याची जादा जोडी, औषधांची यादी मोठ्या अक्षरात. रविवारनंतर मी काय करणार तेही ठरवून टाकलं. पहिले दोन दिवस नुसता झोपणार होतो.

यादी लिहिताना खाली लिहिलं, “बाकी ताईला माहीत आहे.” आणि पेन खाली ठेवलं.

मी मागच्या पत्रात सगळं कबूल केलं, आणि त्यावर तू पुन्हा येऊन बाबांना घेऊन जाणार. म्हणजे माझी माफी ही तुझ्या दारात आणखी एक ओझं ठेवून आल्यासारखीच झाली. तुला बोलवायला मी ते लिहिलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. माझ्यावर मीसुद्धा फार विश्वास ठेवत नाही.

मग मी दुसरं पत्र लिहायला घेतलं होतं. “येऊ नकोस, बाबा इथेच राहतील, मी ठरवलंय.” अर्ध्यावर आल्यावर दिसलं की हेही तुला न विचारताच चाललंय. आधी न विचारता दिलं, आता न विचारता काढून घेतो. कोण मी?

म्हणून विचारतो. या घरात तुला हे कधी कुणी विचारलेलं नाही. आईने नाही, बाबांनी नाही, मी तर नाहीच.

ताई, बाबांना न्यायची तुझी इच्छा आहे का?

हो म्हणालीस तर बॅग भरलेली आहे. नाही म्हणालीस तर बाबा माझ्याकडे राहतील. त्यांची सोय होईल. मालकीणबाईंना मी सगळं सांगितलं, त्यांनी आठवड्याचे तीन दिवस घरून काम करायला परवानगी दिली आहे. उरलेल्या दोन दिवसांसाठी बसड्रायव्हरने एक जागा दाखवली. म्हातारी माणसं दिवसा तिथे ठेवतात, त्याची आई जायची. मी पाहून आलो. स्वच्छ आहे. शनिवारी बाबा माझ्याबरोबर खेळाच्या टेबलाशी बसतील. हे सगळं जमेलच असं नाही. मला भीती वाटते. पण ही भीती माझी आहे, ती तुझ्याकडे द्यायची नाही.

कारण देऊ नकोस. कारण दिलंस तर मी त्यावर वाद घालीन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. काकांना, कुणालाही, मी काही सांगणार नाही.

झोळीवालीचं पान तू खोडलंस तसंच ठेवतो. पुस्तक तुझं आहे. पान सोबत जोडलंय, सही तेवढी कर. मालकीणबाई महिनाअखेरीची आठवण रोज करून देतात. माझा प्रश्न मात्र त्या पानाबद्दलचा नाही.

हे पत्र उद्या तुझ्या हातात पडेल अशा टपालाने पाठवतोय. रविवारला वेळ आहे.

भाऊ


१४ मे, रविवार

ताई,

काल दुपारी, डाव चालू असतानाच, तुझं पाकीट आलं. मी ते खिशात ठेवलं आणि डाव संपेपर्यंत उघडलं नाही. धीर होत नव्हता. झोळीवाली पुन्हा बसड्रायव्हरकडे होती. आम्ही हरलो, पण कशामुळे ते मला सांगता येणार नाही, माझं लक्ष नव्हतं.

उघडलं तर आधी पान हाताला लागलं. तुझी सही आहे. आणि जे दोन शब्द खोडले होतेस, त्यांच्याखाली तू ठिपके दिलेत. खोडलेले शब्द खोडू नका, होते तसेच छापा, असं सांगायला मुद्रितं तपासणारे देतात तसे. मी ते पान बसड्रायव्हरला दाखवलं. ठिपक्यांचा अर्थ सांगितला. तो म्हणाला, “मग पुढच्या शनिवारी मला पुन्हा हिलाच द्या.”

चिठ्ठी मी घरी येऊन वाचली. एवढ्या मोठ्या कागदावर एकच शब्द. “नाही.” आणि खाली, बरंच खाली, “त्यांना गार पाणी देऊ नकोस, ठसका लागतो.”

तो शब्द मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. मला वाईट वाटलं, हे खोटं बोलणार नाही. बॅग समोर होती. पण त्यापेक्षा हलकं जास्त वाटलं. तू मला काहीतरी नाकारलंस. आजवर तू मला कधी काही नाकारलं नाहीस, म्हणून मला तू कधी नीट दिसलीच नाहीस असं वाटलं. उशीर झाला, ताई. फार झाला. त्याबद्दल तू मला माफ करावंस असंही मागत नाही, कारण ते पुन्हा मागणंच होईल.

भेटायला कधी वाटलं तर ये. नाही वाटलं तर नको.

आज दुपारी बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होतो. बाबा दारात येऊन उभे राहिले. आज बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला मला म्हणून ओळखलं.

“अरे, ती आज येणार होती ना?”

“येणार होती. आता नाही येणार.”

“का?”

“मी तिला विचारलं, बाबांना नेतेस का. ती नाही म्हणाली.”

बाबा पलंगावर बसले. बराच वेळ शर्टाच्या बाहीची गुंडी लावत आणि काढत राहिले. मग म्हणाले, “ती कधी नाही म्हणत नसे.”

“आता म्हणते,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाले, आणि पाणी मागितलं. कोमट करून दिलं.

तुझा भाऊ